सूरच्या यार्डातलं गाऱ्हाणं

अमेरिकेतले छोटे सिनेमे बघायचं वेड मला ओमानमध्ये, मस्कतजवळच्या अल खौदच्या फ्लॅटमध्ये लागलं. उंच इमारतींची, पोलिसांच्या गाड्या उडवणारी अमेरिका त्यांत नव्हती. कुणा माणसानं स्वतःच्या खिशातून, एका कॅमेऱ्यावर काढलेले ते सिनेमे. बंद पडलेला पेट्रोल पंप, त्याच्या मागे मैलोगणती काहीच नाही, आणि एक म्हातारी आपल्या घराच्या पायरीवर बसून शेंगा सोलतेय. कॅमेरा तिच्याकडे बघत राहतो, घाई करत नाही. नवरा म्हणायचा, "यात काही होणार आहे का, की मी झोपू?" आणि झोपायचा. मी मात्र जागी व्हायचे. खिडकीबाहेर तसंच तर होतं सगळं: तपकिरी डोंगर, सरळ रस्ता आणि रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमधली माणसं, ज्यांच्याकडे गाडीतून कुणी वळूनही बघत नाही.

मी इंजिनियर. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींचे पाइप कुठून जातील ते ठरवायचं, ही माझी नोकरी. हौसेला मोल नसतं म्हणतात. मी एक कॅमेरा घेतला आणि शुक्रवारी-शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, सूर नावाच्या बंदरगावी जायला लागले. तिथे समुद्राला लागून लाकडी गलबतं बांधायचं एक जुनं यार्ड होतं. पर्यटक यायचे, गलबताचे फोटो काढायचे. बांधणारा फोटोत आलाच तर नंतर कापून टाकायचे. मला नेमका तो कापलेला माणूस हवा होता.

सापडला तो निघाला मालवणकडचा. साठीला आलेला, सडपातळ, कानावर पेन्सिल. मी मराठीत बोलले तेव्हा त्यांनी हातातली पटाशी खाली ठेवली आणि बराच वेळ नुसतं हसत राहिले. पुढे मी त्यांना काका म्हणायला लागले आणि ते मला बाय. तरुण वयात ते या यार्डात आले होते. तेव्हा कोकणातले पुष्कळ सुतार इथे होते. एकेक करून बरेचसे परत गेले, काही इथेच वारले. आता यार्डात चार बंगाली, एक गुजराती, म्हातारे ओमानी मालक, ज्यांना सगळे अर्बाब म्हणत, आणि काका.

चित्रीकरण म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. गाडीतल्या एसीतून कॅमेरा बाहेर काढला की समुद्राच्या दमट हवेनं भिंगावर वाफ धरायची. ती उतरेपर्यंत उन्हात उभं राहायचं. वाफ उतरली की काका पाठ फिरवायचे. "माझो चेहरो कित्याक होयो? हात घे की," म्हणायचे. वर्षभर मी हातच घेतले. हात चांगलेच होते, पण नुसत्या हातांचा सिनेमा होत नाही, एवढं मला कळत होतं.

मग एका शुक्रवारी नव्या गलबताचा कणा बसणार होता. कणा म्हणजे तळातलं लांब, जाड लाकूड. तो बसला की गलबताचा जन्म झाला असं धरतात. सगळे गोळा झाले. अर्बाबनी दोन्ही हात पसरून दुआ मागितली. मग चेहऱ्यावरून हात फिरवले आणि काकांकडे वळून हिंदीत म्हणाले, "यल्ला, अब तुम्हारा वाला करो."

काकांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला, लाकडासमोर एक नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. कोकणात कुठलंही काम सुरू करताना गावदेवाला असं साकडं घालतात. एकजण मागणं मागतो आणि जमलेले सगळे प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात. दुजोरा आला नाही तर गाऱ्हाणं पुढे सरकत नाही.

"बा देवा म्हाराजा! आज जो काय ह्या गलबताचो कणो बसता हा, तो सुखरूप पाण्यात उतरांदे रे म्हाराजा!"

आता इथे दुजोरा कोण देणार, असं माझ्या मनात येतंय तोच अर्बाब, ते चार बंगाली आणि गुजराती, सगळे एका सुरात म्हणाले, "इन्शाल्ला!"

"ह्येच्यातसून जाणाऱ्या खलाशांका वाऱ्यावादळात राखण कर रे म्हाराजा!"

"इन्शाल्ला!"

"जा काय चुकला-माकला आसात, ता पदरात घे रे म्हाराजा!"

"इन्शाल्ला!"

कुणी हसत नव्हतं. अर्बाबचे डोळे मिटलेले होते. काकांचा चेहरा पूर्ण कॅमेऱ्याकडे होता आणि त्यांना त्याची शुद्ध नव्हती. नंतर कळलं की कोकणातला शेवटचा सोबती गेल्यावर पहिल्याच कण्याच्या वेळी काका मागणं मागून गप्प उभे राहिले होते. अर्बाबना मराठी येत नव्हती, पण हा माणूस काहीतरी मागतोय आणि उत्तराची वाट बघतोय हे त्यांना दिसलं. त्यांनी त्यांच्या जिभेवर होतं ते उत्तर दिलं: इन्शाल्ला, अल्लाची मर्जी असेल तर. तेव्हापासून तीच रीत पडली.

परतीच्या रस्त्यावर मी गाडीत एकटी मोठमोठ्यानं हसत होते. माझा सिनेमा मला मिळाला होता. आयुष्यात त्या दिवसाइतकी आनंदी मी क्वचितच झाले असेन, आणि आता ते आठवलं की स्वतःची कीव येते.

पुढच्याच खेपेला काकांनी माझा हात धरून मला लाकडांच्या ढिगामागे नेलं. त्यांच्या घराण्याकडे गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान होता. थोरले म्हणून तो काकांचा. ते इकडे आले, म्हणून चुलतभाऊ घालत होता. आता ते कायमचे परत जायचं म्हणत होते आणि गावाला निरोप पाठवला होता की माझा मान मला द्या. गावचे मानकरी म्हणाले, तुला ते येतं तरी का अजून, ऐकव.

"तुझ्याकडे आसा ना ता, बाय? ता गावाक धाडूचा हा," ते म्हणाले. "पण ता इन्शाल्ला काढून टाक. थंय व्हय म्हाराजा घाल. आणि तुझ्या पिक्चरात पण ता नको. कोणी बघल्यान तर म्हणतले, हो आता आमचो रवलो नाय."

मी वाद घातला. सिनेमात तेवढंच तर जिवंत आहे, म्हटलं. ते ऐकून घेत होते. मग एवढंच म्हणाले, "बाय, माका दुसरा काय नाय. बायल गेली, झील आपल्या संसारात. देवळात उभा रवाक माका तेवढीच एक जागा आसा."

ज्याचा चेहरा, त्याचा हक्क. मी सिनेमातून तो प्रसंग काढला. काढताना रडले, आणि ते काही फार उदात्त रडणं नव्हतं. राग आला होता मला त्यांचा.

राहिला गावाला धाडायचा दुजोरा. एका शुक्रवारी दुपारी मी ओळखीची मराठी मंडळी आमच्या हॉलमध्ये जमवली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर रजया टांगल्या. एसीची घरघर नको म्हणून तो बंद केला. ऐन उन्हाळ्यात सगळे घामानं निथळत कानाला काकांचा आवाज लावून बसले. पुण्याचे एक साहेब दर वेळी शुद्ध 'होय महाराज' म्हणत. त्यांच्या बायकोला आरतीची चाल लागली. माझी मुलगी म्हणाली, "आई, पण याचा मीनिंग काय? आपण कोणाला येस म्हणतोय?" शेवटी जमलं ते शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं जमलं.

माझा आवाज त्यात नव्हता. आमच्या घरात देव नाहीत. आजोबांनी बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हाच देव्हारा नदीत सोडला. आणि काकांच्या गावासारख्या गावात गाऱ्हाण्याच्या वेळी आमच्या माणसांना पायरीखाली, लांब, उन्हात उभं करायचे. तिथून कुणी दुजोरा दिला असता तर तो देवानं धरला असता की नाही, मला माहीत नाही; गावानं धरला नसता. काका म्हणाले होते, "तू पण म्हण गो, बायमाणसाचो आवाज बरो लागता." मी नाही म्हटलं आणि का ते सांगितलं. त्यांनी मान खाली घातली, "माका ठावक आसा," म्हणाले, आणि पुन्हा कधी विचारलं नाही. गंमत अशी की ऑफिसात दिवसभर मी येता-जाता इन्शाल्ला म्हणत असते आणि ते माझ्या जिभेला कधी टोचत नाही.

गावाकडून उत्तर यायला वेळ लागला. आलं तेव्हा काकांनी मला फोन केला. आवाज अगदी साधा होता, जेवलीस काय विचारतात तसा.

"ऐकल्यानी सगळ्यांनी. गाऱ्हाणा बरा घातलंस म्हणाले. पण जो हंय उभो रवता, त्याचोच मान. बरोबरच आसा ता."

बरोबरच होतं, म्हणून तर भांडायला जागा नव्हती. कुणी वाईट वागलं असतं तर मी चार शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळी झाले असते.

सिनेमा मी पुरा केला. हात, लाकूड, समुद्र, पाठ. जिथे जिथे पाठवला तिथून सभ्य नकार आले. अमेरिकेतल्या एका लहानशा महोत्सवाच्या बाईंनी व्हिडिओ कॉलवर प्रेमानं समजावलं की चित्रं सुंदर आहेत, पण या माणसाला काय हवं आहे ते आम्हाला कळत नाही. मला कळत होतं. मी ते कापून बाजूला ठेवलं होतं, आणि ज्याच्यासाठी कापलं त्याच्याही ते उपयोगी पडलं नव्हतं. तो कॉल संपल्यावर मी कॅमेरा कपाटात टाकला आणि वर चादरी रचल्या.

त्या हिवाळ्यात अर्बाब वारले. मुलांना गलबतांत रस नव्हता. ते गलबत अर्धवट, बरगड्या उघड्या, तसंच उभं राहिलं. बंगाली मस्कतकडे कामाला गेले. काकांचा व्हिसा रद्द झाला. विमान मस्कतहून होतं, म्हणून आदल्या दिवशी ते आमच्याकडे उतरले. माशाचं कालवण केलं होतं. त्यांनी भात नुसता चिवडला. जेवण झाल्यावर म्हणाले, "बाय, ता पयला आसा काय गो तुझ्याकडे? इन्शाल्ल्याचा?"

होतं. मी काहीच पुसत नाही. लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. पडद्यावर कण्यासमोर ते उभे होते आणि शेजारी अर्बाब, डोळे मिटून. पहिल्या इन्शाल्लाला काकांचे ओठ हलले. संपल्यावर म्हणाले, परत लाव. मी परत लावलं. तिसऱ्यांदा ते स्वतःच्या आवाजाकडे लक्षच देत नव्हते. फक्त उत्तराची वाट बघत होते, हे मला दिसत होतं. मग त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं आणि आपला फोन माझ्यापुढे केला, "ह्येच्यात घाल."

"आता गावात काय करणार, काका?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"काय करतलंय? भाऊ गाऱ्हाणा घालतलो. सगळे व्हय म्हाराजा म्हणतले. मी पण म्हणान." दारातून जाताना म्हणाले, "तुका पिक्चरात घालूचा तर घाल आता. माका काय नाय त्याचा."

मी घातलं नाही. फाइल उघडायचं बळच येत नाही. कुणासाठी घालायचं?

शिमग्यात त्यांचा एक आवाजी मेसेज आला. बोलले काहीच नव्हते, देवळातला गलका नुसता पकडला होता. ढोल थांबले. लांबून एक खणखणीत आवाज, तो चुलतभाऊ असणार, मागणं मागू लागला. सगळा गाव एका दमात म्हणाला, "व्हय म्हाराजा!" पुन्हा मागणं, पुन्हा गाव. तिसऱ्या मागण्याला गावाचा आवाज विरला, आणि फोनच्या अगदी जवळून, सगळ्यांच्या मागून, एक एकटा आवाज हळूच म्हणाला, "इन्शाल्ला."

मग कुणीतरी पोर फिस्सकन हसलं, त्याच्या मागून आणखी दोघं-तिघं हसले, आणि मेसेज तिथेच तुटला.

मी लगेच फोन लावला, तो उचलला गेला नाही. त्यानंतर आजपर्यंत काकांनी माझा एकही फोन उचललेला नाही.