कुपवाडच्या कारखान्याची पत्रिका

मला एचटीएमएल येत नाही, हे घरात माझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही.

साताऱ्यात मी त्याच्या क्लासला तीन आठवडे गेले, तेवढंच. वेब पानाला मथळा कसा द्यायचा, परिच्छेद कसा पाडायचा, फोटो कसा लावायचा. (फोटो आडवा आला तर उभा कसा करायचा, ते चौथ्या आठवड्यात होतं.) पण बाबांनी सांगलीला थोरल्या काकांना फोन करून सांगितलं, की पोरगी वेबसाइट बनवते.

काकांना नेमकी तीच हवी होती. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी कुपवाडला मोटारपंप बनवायचा कारखाना काढला होता. पुण्याचे एक साहेब वर्षभराची ऑर्डर द्यायला तयार होते. फक्त सोमवारी सकाळी त्यांना कारखान्याची वेबसाइट बघायची होती. रविवारी मी लॅपटॉप घेऊन काकांसमोर बसले.

चूक एवढीच झाली, की मी समजावून सांगितलं. "काका, मथळ्याचे सहा आकार असतात. एच वन सगळ्यात मोठा, एच सिक्स सगळ्यात लहान."

"म्हंजे हुद्दे हायत की," काका खुलले. "मग एच वनला रहिमतपूरच्या आबांचं नाव टाक. घरातलं थोरलं माणूस."

"पण तिथं पंपाचं नाव..."

"पंप काय आबांपेक्षा थोरला हाय व्हय?"

शाळेत मला वादविवादाचं बक्षीस मिळालं होतं. ते इंग्रजीत. मराठीत मी आबांचं नाव टाकलं.

एच टू काका, एच थ्री बाबा, एच फोर जावई. तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून डोकावल्या. "आवं, शिराळ्याचे जावई एवढ्या बारक्या अक्षरात? मागं लग्नाच्या पत्रिकेत नाव खाली गेलं, तर दोन वर्सं उंबरा चढले न्हाईत."

जावयांना एच वन दिलं. मग बाबांचा साताऱ्याहून फोन. "माझा आकार काय ठेवलायस?"

संध्याकाळपर्यंत एकोणीस माणसं एच वनमध्ये होती! वर गणपती, त्याखाली कुलदैवत प्रसन्न. शेवटी नातवंडांच्या नावानं एक ओळ: 'आमच्या आजोबांच्या कारखान्याला यायचं हं.' पंप त्याच्याही खाली. मोबाइलवर तिथं पोचेपर्यंत अंगठा दुखायचा.

सोमवारी साहेबांचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला.

"सुभेदार, पत्रिका मिळाली. अभिनंदन. पण तारीख दिसली नाही. लग्न कुणाचं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. काकूंनीही.

"वेबसाइट हाय ती, साहेब. आणि खाली सरका. पंप हायत."

"असू दे हो. लग्नघरात ऑर्डरीचा ताप नको. यंदा मी दुसरीकडून घेतो."

ऑर्डर गेली. जावई मात्र इतके खूश झाले, की त्यांनी ते पान सगळ्या नातलगांना पाठवलं. लग्न कुणाचं, असं सगळीकडून विचारणं सुरू झालं. आणि घरात लग्नाच्या वयाची मी एकटीच.

येत्या रविवारी विट्याची मंडळी मला बघायला येताहेत. मुलाला ते पान फार आवडलंय म्हणे. नकार द्यायला मला एवढं कारण पुरेसं आहे. फक्त ते चारचौघांत मोठ्यानं म्हणता यायला हवं.