गोळी मी देत होतो

पनवेलला माझं औषधांचं दुकान होतं. पळस्प्याकडचे लोक यायचे. "दादा, डोकं लय धरलंय, ती पिवली द्या." मी कात्रीने स्ट्रिप कापून दोन गोळ्या द्यायचो. कोणाला काय लागू पडतं हे डॉक्टरांपेक्षा मला जास्त कळतं, असा माझा समज होता.

बायकोला अर्धशिशी होती. सौम्यच, महिन्यातून दोन-तीनदा. साधी गोळी वेळेवर घेतली की तासाभरात ती कामाला लागायची. पण संध्याकाळी गर्दीच्या वेळी मला ती काउंटरवर हवी असायची. म्हणून मी जास्त कडक गोळी सुरू केली, तीही दुखण्याच्या आधीच, रोज सकाळी चहाबरोबर. वर्षभरात तिचं डोकं रोज दुखायला लागलं. गोळ्यांच्या अतिरेकानेच दुखतंय, असं शेवटी डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या बंद केल्यावर पंधरा दिवस तिचे फार हाल झाले, मग डोकं हळूहळू पूर्ववत झालं. घरात मात्र 'आईला गोळ्यांची चटक लागली होती' एवढंच उरलं. ते ऐकून मीही हसत आलो.

गेल्या रविवारी मुलगी माहेरी आली, ती अर्धं डोकं दुखतंय म्हणून ओढणीने कपाळ आवळूनच.

"गोळी घे," मी म्हटलं.

"नको बाबा. मला आईसारखं व्हायचं नाहीये."

समोर बायको मेथी निवडत होती. तिचा हात थांबला, पुन्हा चालू झाला.

"आईला चटक नव्हती," मी म्हणालो. "मीच रोज तिच्या हातावर गोळी ठेवत होतो. रोज घ्यायची का, असं तिने दोनदा विचारलं होतं. मी म्हटलं, दुकान कोणाचं आहे?"

"तीनदा," बायको मान वर न करता म्हणाली.

मुलगी उठून आईशेजारी जाऊन बसली.

मग गोळी घे म्हणण्याआधी विचारायला हवं होतं ते सगळं मी मुलीला विचारलं. यकृताचा त्रास? दुसरी औषधं? दिवस गेलेत?

"बाबा, काय हो! तसलं काही नाही."

साधी पॅरासिटामॉल पुरेशी होती. दुखायला लागताच, चार घास खाऊन घ्यायची. आठवड्यात दोन दिवसांच्या वर लागली, तर माझ्याकडे नाही, डॉक्टरांकडे जायचं.

तिने भाकरी खाल्ली, गोळी घेतली. बायको उठली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्याच्या खुणेशेजारी, तिने त्या तारखेला फुली मारली.

"गोळीच्या या खुणा मी करणार," ती मला म्हणाली. "तुम्ही फक्त चहा टाका."