मोटारीवरची टोपली

आमच्या गल्लीत नळाला मोटार लावणारी पहिली बाई मी. तेव्हा मला या गोष्टीचा एवढा अभिमान होता, जसा काही पाण्याचा शोधच मी लावला.

गल्ली चढाची आहे. खालच्या मोठ्या रस्त्यावरून पाइप येतो आणि वर नऊ घरं. आमचं तिसरं. नळ आठव्या-दहाव्या दिवशी येतो, उन्हाळ्यात बाराव्या, आणि आला की जेमतेम पाऊण तास राहतो. आमच्या तालुक्याच्या गावात लोक तारखासुद्धा नळावरून सांगतात. मागच्या नळाला पाव्हणे आले होते, येत्या नळाला गोधड्या धुवायच्या, असं.

मी तिशीतली होते, प्राथमिक शाळेत शिकवत होते. कडक इस्त्रीची साडी, हातात छडी, आणि जगातलं सगळं आपल्याला समजलं आहे असा चेहरा. त्या वेळचा एक फोटो घरात आहे. तो बघितला की मला त्या बाईच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते. माठाजवळ पाणी सांडलं म्हणून एका पोराकडून या बाईनं 'पाणी जपून वापरावे' हे पन्नास वेळा लिहून घेतलं होतं. आणि त्याच दिवशी सकाळी नळ येणार म्हणून घरातले दोन ड्रम मोरीत ओतून आली होती. काऊन, तर ते पाणी आठ दिवसांचं, म्हणजे शिळं. पोळी शिळी होते तसं पाणीही शिळं होतं, अशी तिची समजूत. ड्रम घासायचे, ताजं भरायचं, आणि मग शाळेत जाऊन पोरांना जपून वापरायला शिकवायचं.

मोटार आम्ही खामगावहून आणली. नळाला मोटार लावायला परवानगी नव्हती, अजूनही नाही. म्हणून पिशवीत मोटार आणि वर मेथीच्या दोन जुड्या. बसवल्यावर मी तिच्यावर वेताची टोपली पालथी घातली आणि टोपलीवर मिरच्या वाळत टाकल्या. नगरपालिकेचा माणूस दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा तर त्यानं मूठभर मिरच्या मागून नेल्या. वर्षभरात गल्लीतल्या एकेका घरानं मोटार आणली, आणि टोपलीची युक्ती मी प्रत्येकीला फुकट शिकवली. माझ्या सगळ्या नोकरीत एवढा शंभर टक्के निकाल दुसऱ्या कुठल्या विषयाचा लागला नाही.

सगळ्यात वरच्या, शेवटच्या घरात माझी मैत्रीण राहत होती. लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा मला पहिल्यांदा हाक मारली ती हिनं. दर उन्हाळ्यात कुरडया, मूगवड्या आम्ही दोघी मिळून आमच्याच गच्चीवर घालत होतो. खाली मोटारी वाढत गेल्या तशी तिच्या नळाची धार बोटाएवढी होती ती सुतळीएवढी झाली, मग दोऱ्याएवढी, मग बंद. ती एकदाच बोलली, तेही हसत. "नळ नुसता सू करते वं." मी म्हटलं, "तुम्ही पण मोटार घ्या ना." त्यांनी घेतली. पाइपात पाणीच नव्हतं, मोटार कोरडी फिरली आणि दुसऱ्याच नळाला जळली.

पुढच्या उन्हाळ्यात ती कुरडया करायला आली नाही. नळाच्या दिवशी सगळी गल्ली दारात असायची आणि ती हंडे घेऊन मागच्या हापशीवर. येता-जाता बोलणं चालूच होतं, पण उभ्या-उभ्या. मी घरात म्हणाले होते, हिला हल्ली शिष्टपणा आलाय. एवढी हुशार मी.

तिची नात आणि माझी नात आता चौथीत एकाच बाकावर बसतात. एका खोडरबरचे दोन तुकडे करून दोघींनी वाटून घेतले आहेत, आणि तुकडा हरवला की रडतात दोघी. या वर्षी शाळेनं त्यांना पाण्याची वही दिली. घरात पाणी कुठं वाया जातं ते जोडीदाराबरोबर बघायचं आणि लिहायचं. नळाचा दिवस आला तसं दोघींनी काम वाटून घेतलं. आधी आमच्या घरी आल्या. टाकी भरून वाहिली, ते लिहिलं. मुलानं स्कूटर धुतली, ते लिहिलं. मग शेवटच्या घरी गेल्या. तिथं लिहायला काही नव्हतं.

पण पोरींचं डोकं तिथं थांबलं नाही. नातीच्या मैत्रिणीनं सांगितलं की खालच्या मोटारींचा आवाज सुरू झाला की आमचा नळ सू करायला लागतो. मग एकीनं आमच्या बटणापाशी उभं राहायचं, दुसरीनं वरच्या नळापाशी, आणि मोठ्यानं ओरडून एकमेकींना विचारायचं. आमची मोटार बंद केली. वर थेंब नाही. मग त्यांनी ठरवलं की सगळ्यांच्याच बंद करायच्या, आणि वही घेऊन घरोघर गेल्या. लोकांनी कौतुक केलं. एकीनं लाडू दिला. मोटार कुणीच बंद केली नाही. पाचव्या घरची बाई हसत म्हणाली म्हणे, आधी तुया आजीले विचार, मोटार लावणं आम्हाले तिनंच शिकवलं.

नात घरी आली. लाडू अजून हातातच होता, अर्धा खाल्लेला, अर्धा मैत्रिणीसाठी राखलेला.

"आजी, पहिली तू होतीस?"

मी थट्टेवारी नेणार होते. आम्हा म्हाताऱ्यांजवळ तेवढंच एक हत्यार असतं. पण तिच्या मागं दारात तिची मैत्रीण उभी होती. तिचे डोळे तिच्या आजीचेच. मी हो म्हणाले.

नातीनं वहीत ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग मी माझ्या परीनं उचापत केली. पुढच्या नळाच्या दिवशी सकाळी मोटारीचा फ्यूज काढून सुपारीच्या डब्यात ठेवला आणि देवाजवळ जप करत बसले. मुलानं बटण दाबलं, परत दाबलं, मोटारीला दोन थपडा मारल्या, मिस्त्रीला फोन केला. मी मधूनमधून चौकशी करत होते, काय झालं रे बाबा. आमची टाकी अर्धीच भरली. वर जाऊन बघितलं तर शेवटच्या घराचा नळ तसाच सू करत होता. आमच्या वाटचं पाणी चौथ्या घरानं ओढलं होतं. त्यांनी त्या दिवशी अंगणसुद्धा धुतलं.

तीन नळ मी असं केलं. सून बिचारी शेजारून बादल्या आणत राहिली. तिसऱ्या नळाला तिला सुपारी खावीशी वाटली आणि माझं पितळ उघडं पडलं. मुलगा रागावला नाही. खाली बसून, मी पहिलीतल्या पोरांशी बोलत होते तसा तो माझ्याशी बोलला. "आई, तू एकटीनं बंद करून काय होते? सगळ्यांनी केली तर मी आधी करतो."

म्हणून मी सगळ्यांकडे गेले. गुडघे धरून, चढ चढून, आठवं घर ते पहिलं घर. चहा सगळ्यांनी दिला. आणि प्रत्येक घरानं मला हेच वाक्य ऐकवलं: सगळ्यांनी केली तर आम्ही आधी. आमच्या गल्लीत आज मोटारीची आठ घरं आहेत आणि आठही जण मोटार बंद करायला एका पायावर तयार आहेत. चूक कुणाचीच नाही. भांडायला तरी एक माणूस हवा, तोही नाही. नगरपालिकेत सांगावं तर आधी माझीच टोपली उचलावी लागेल, आणि मुलगा म्हणाला, तू तक्रार केलीस तर मला गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

नातीनं आपला उपाय काढला. नळाच्या दिवशी आमच्याकडे पाच लिटरच्या दोन कॅन भरायच्या, एक तिनं, एक मैत्रिणीनं उचलायची, आणि वर न्यायच्या. चार-चार खेपा करत होत्या. मला वाटलं, चला, पोरी आमच्यापेक्षा शहाण्या निघाल्या. मी खोबरं-गूळ हातावर ठेवला आणि मनातल्या मनात स्वतःलाही माफ करून टाकलं. माझी ही खोड जुनी आहे.

दोन नळ झाले. तिसऱ्या नळाच्या आदल्या दिवशी शेवटच्या घरची, माझी मैत्रीण, खाली आली. किती वर्षांनी आमच्या ओट्यावर बसली. दोन्ही रिकाम्या कॅन तिनं माझ्याजवळ ठेवल्या. धुऊन, उलट्या करून वाळवलेल्या होत्या.

मी म्हटलं, "काऊन वं? पोरींना हौस आहे."

"हौसच हाय." ती म्हणाली. "माही नात आता तुया नातीसंग भांडत नाई. तिनं खेळात लबाडी केली तरी गप राह्यते. म्या इचारलं, काऊन गप बसतं, तर म्हणे, ते आपल्याले पाणी देते ना."

मी दोन्ही कॅन भिंतीकडे सरकवल्या.

"पाण्याचं मी पाहून घेईन," ती म्हणाली. "हापशी हाय. पोरगी अशी झालेली नाई पाह्यवत मले."

तुला कधी माझ्याशी भांडावंसं वाटलं नाही का, असं मला तिला विचारायचं होतं. त्या वर्षी, मोटार जळली तेव्हा. विचारलं नाही. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, मी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उठले, आणि ती चढाकडे गेली.

नातीला सांगणं माझ्याकडे आलं. मी इकडून तिकडून, गोल-गोल सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पाणी द्यायचंच नाही?" मी म्हटलं, असंच काहीतरी. चाळीस वर्षं पोरांना शिकवलं मी. दुसऱ्याला द्यावं, वाटून खावं, सगळं शिकवलं. देऊनही चुकतं तेव्हा काय करायचं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मलाही येत नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा सुटली होती, आणि दुपारी नळ आला. आमच्या टाकीत पाणी पडायला लागलं आणि नात दिसेना. मी वरपर्यंत शोधत गेले, तर दोघी हापशीवर. आठ-दहा भांड्यांची रांग. एकीनं दांड्याला लटकायचं, दुसरीनं हंडा धरायचा. माझी नात दांडा सोडायला तयार नव्हती आणि मैत्रीण तिला ढकलत होती. "हट न बे, माहा नंबर हाय." चांगलं जोरात भांडण चाललं होतं. माझ्या मैत्रिणीनं रांगेतून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हंडा पुढं सरकवला.

मी नातीजवळ गेले. म्हटलं, मीही येते पुढच्या नळापासून, एक कळशी तरी धरीन.

ती दांड्याला लोंबकळतच होती. फ्रॉक गुडघ्यापर्यंत ओला. "तू नको येऊ आजी, तुझे पाय दुखतात. तू घरी मोटारीपाशी बस. टाकी भरली की लगेच बंद कर. बाबा विसरतात."

तेव्हापासून नळाच्या दिवशी मी मोटारीपाशी स्टूल टाकून बसते. टोपली मांडीवर आणि हात बटणावर. टाकीतून पहिला थेंब बाहेर आला की बंद करते, वाया एक थेंब जाऊ देत नाही. मग कान देऊन ऐकते. आमची थांबली की गल्लीतल्या बाकीच्या सातांचा आवाज स्पष्ट येतो. शेवटच्या घरी अजून पाणी गेलेलं नाही. नळ बंद झाला की टोपली परत मोटारीवर पालथी घालते आणि पोरी येण्याची वाट बघते.