डाव्या विंगेतले मास्तर

सूचना! सूचना! सूचना! तमाम रसिक मंडळींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, भांडुपच्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या हौशी नाट्यमंडळात ज्या इसमाने रंगमंचावर कधी पाऊलसुद्धा टाकलं नाही, तोच आम्हा सगळ्यांत मोठा नट होता. हे विधान मी पूर्ण शुद्धीत करतो आहे. आणि मी त्या मंडळाचा प्रमुख नट होतो, म्हणजे हे कबूल करताना मला किती त्रास होतोय ते बघा.

आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. खरं तर ते कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. दिवसभर खिडकीतून वॉशर, गॅस्केट, नटबोल्ट द्यायचे. संध्याकाळी तालीम सुरू झाली की डाव्या विंगेत स्टुलावर बसायचे. मांडीवर नाटकाची वही, उजव्या हाताचं बोट ओळीवर आणि डावा हात हवेत. तो हात खाली आला की समजायचं, वाक्य येतंय.

मास्तरांची कुजबुज नटाच्या कानात नेमकी पडायची आणि पहिल्या रांगेतल्या साहेबाला तिचा पत्ता लागायचा नाही. एकदा मी फौजदार झालो होतो. ऐन दरडावणीत माझी मिशी सुटून हातात आली. प्रेक्षागृहात हसू फुटायच्या बेतात. मी तोंड उघडं टाकून विंगेकडे बघतोय. मास्तरांचा हात खाली आला आणि वहीत कुठेच नसलेलं वाक्य आलं, "म्हण, वेषांतर करून आलोय!"

मी म्हटलं. अशी टाळी पडली की विचारू नका. आत आल्यावर मास्तर म्हणाले, "टाळी तुझी, वाक्य माझं. चल, चहा पाज मेल्या."

तेव्हापासून मंडळात नियमच झाला. मास्तर देतील ते वाक्य घ्यायचं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही.

मास्तर मूळचे मालवणकडचे. रागावले की "मेल्या", आनंदले की "झकास". तालमीत त्यांचा एकच धोशा असायचा, "पाठ फिरवून बोलू नको रे! तोंड दिसूक व्हया!" आम्हाला वाटायचं, केवढा हा अभिनयाचा अभ्यास! मी तर नव्या पोरांना हे तत्त्व स्वतःच्या नावावर खपवायचो.

मग हळूहळू काहीतरी बिनसायला लागलं. कॅन्टीनच्या लांब टेबलावर आम्ही आठदहा जण एकदम बोलायचो. मागे भांड्यांचा खणखणाट, डोक्यावर पंख्यांची घरघर. मास्तर प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून हसत बसायचे आणि मधूनमधून म्हणायचे, "झकास, झकास." आमचं हसून झालं की क्षणभराने तेही हसायचे. एक दिवस लेथवरच्या एकाने सांगितलं, की सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आलाय, दवाखान्यात ठेवलंय.

"वा! झकास!" मास्तर म्हणाले.

मग कोणीतरी फिसकन हसलं आणि सगळेच हसले. लेथवालासुद्धा. मास्तर सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवत होते, आपण नेमकं काय बोललो ते शोधत. शेवटी मी वाकून सांगितलं. त्यांच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढली. अर्धी पोळी तशीच ठेवून ते उठले. दुसऱ्या दिवसापासून मास्तर आपला डबा स्टोअरमध्ये, रॅकच्या मागे, गॅस्केटच्या वासात एकटेच खायला लागले.

मी तिथे जायचो. गंमत अशी, की तिथे त्यांना सगळं ऐकू यायचं. मी रॅकच्या पलीकडून पुटपुटलो, "भाजी कसली आहे?" की लगेच, "शेगलाची. ये, घे." शेगलाची म्हणजे शेवग्याच्या पाल्याची. इतका तिखट कान! मग कॅन्टीनमध्ये काय होतं या माणसाला?

कारखान्यात निकाल लागूनही गेला होता. "सोयीचा बहिरा आहे म्हातारा." "हवं ते बरोब्बर ऐकतो." "नाटकंय, यार. शेवटी मास्तर नाटकाचाच ना!"

शेवटी मीच त्यांना मुलुंडच्या एका कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. एका छोट्या बंद खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून त्यांची तपासणी झाली. बारीक टीं वाजलं की हात वर करायचा. मास्तर प्रॉम्प्टिंगच्या थाटात हात वर-खाली करत होते. डॉक्टर म्हणाले, "काका, वयाच्या मानाने कान चांगले आहेत."

"मग माणसांत का कळत नाही?"

डॉक्टर समजावून सांगणारे होते. "तुमच्या स्टोअरच्या खिडकीवर एक जण आला तर तुम्ही झटकन माल देता. दहा जण एकदम ओरडायला लागले तर? तसंच आहे हे. कान सगळ्यांनाच आत घेतो. त्यातून कोणाचं ऐकायचं आणि कोणाला थांबवायचं, ते मेंदू ठरवतो. वयाबरोबर त्याचा हात जरा हळू चालतो. ऐकण्यातच सगळी ताकद गेली की समजून घ्यायला, लक्षात ठेवायला थोडीच उरते. म्हणून गर्दीत तुम्ही दमता. घाबरण्यासारखं काही नाही. बोलणाऱ्याचं तोंड बघत जा. आणि माणसांत जाणं सोडू नका."

तोंड बघत जा! माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. तो 'तोंड दिसूक व्हया'चा धोशा अभिनयासाठी नव्हताच. मास्तर कधीपासून आमचे ओठ वाचत होते.

बाहेर आल्यावर मास्तर झपझप चालायला लागले. रस्त्याच्या कडेला केळ्यांची गाडी उभी होती, तिच्यापाशी थांबले. "मेंदू म्हणाला ना रे तो?"

"अहो, पण घाबरण्यासारखं नाही असंही म्हणाला."

"मेंदू म्हणाला."

मग त्यांनी मला गावाकडच्या थोरल्या भावाबद्दल सांगितलं. भावाला भ्रम झाला होता. बायकोलाच विचारायचा, तुम्ही कोणाकडे आलात? वाडीतली पोरं त्याच्या मागून फिरायची. "त्याची सुरुवात पण अशीच. चारचौघांत नुसता हसायचा." मी परोपरीने सांगितलं, की मास्तर, ते वेगळं, हे वेगळं. त्यांनी फक्त माझा हात धरला. "कोणाक सांगू नको. कान गेला म्हण, चालात. डोक्याचं नाव काढू नको."

आता पुढचा प्रवेश ऐका. आठवड्याभरात मास्तर कानात बोंडुक, त्यातून शर्टाच्या खिशात गेलेली वायर आणि खिशात काडेपेटीहून मोठं यंत्र अशा थाटात कारखान्यात हजर! शेजारच्या वारलेल्या आजोबांचं ऐकण्याचं मशीन त्यांच्या सुनेने देऊन टाकलं होतं. सगळा कारखाना हळहळला. सोयीचा बहिरा म्हणणारे खजील झाले आणि प्रायश्चित्त म्हणून त्यांच्या कानाशी येऊन बेंबीच्या देठापासून ओरडायला लागले.

मी रॅकमागे विचारलं, "काही फरक पडतो का मशीनने?"

मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं. "सेलच नाय घातलंय. घातलं की पंखा पण मोठा, भांडी पण मोठी. डोकं फुटतं."

"मग लावता कशाला?"

"बहिऱ्याक लोक ओरडून का होईना, सांगतात रे. डोकं गेलेल्याक कोण सांगतच नाय."

मी हसलो. ते पण हसले. या वेळी अगदी वेळेवर.

त्या वर्षी कारखान्यांच्या नाट्यस्पर्धेत आमचं मुलगी बघण्याच्या कार्यक्रमावरचं विनोदी नाटक होतं. मी मुलाचा बाप. मुलगी आमच्या ऑफिसातली टायपिस्ट, शैला. तिचं पहिलंच नाटक. दिग्दर्शक आमचे पर्सोनेल ऑफिसर, वयाने आमच्यातले सर्वांत लहान आणि आवाजाने सर्वांत मोठे. त्यांना विंगेत तरुण माणूस हवा होता. मी मास्तरांसाठी भांडलो. मास्तरांनी अख्खं नाटक पाठ केलं आणि आम्ही सगळे डाव्या विंगेकडे तोंड करून संसार करायला लागलो.

पहिला अंक झकास गेला. मी खरेखुरे पोहे खाल्ले, त्यावर हशा घेतला. दुसऱ्या अंकात दोन्ही घरांचं भांडण. सहा माणसं एकदम तावातावाने बोलणार, टेपवर सनई चालू, आणि प्रेक्षकांचा असा हशा की छत उडावं. भांडताना विंगेकडे तोंड कोणाचं राहणार? हशा ओसरला. आता शैलाने ठणकावून म्हणायचं होतं, "मला हे लग्न करायचं नाही!" तीच विसरली. तिने विंगेकडे बघितलं.

मास्तर वहीची पानं मागेपुढे करत होते. कपाळावर घाम. सापडेना त्यांना, आम्ही कुठे आहोत. तिची नजर दिसली, हात खाली आला, आणि बोट जिथे होतं तिथलं वाक्य त्यांनी दिलं.

नियम म्हणजे नियम. शैलाने दोन्ही हात जोडले आणि गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार करते. पोहे आणू का?"

मंडळी, आम्ही सगळे गुमान पुन्हा बसलो. दुसरं करणार काय? ती आत गेली, मघाचीच रिकामी बशी घेऊन आली. मी हवेतले पोहे खाल्ले. "मीठ बेताचं आहे," पुन्हा म्हणालो. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. परीक्षक मात्र कागदावर काहीतरी लिहीत होते. मी चोरून विंगेकडे बघितलं. मास्तरांनी वही मिटून छातीशी धरली होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर कॅन्टीनमधलं ते हसू होतं.

पुढच्या वर्षी डाव्या विंगेत दुसरा माणूस बसला. मास्तर मुदतीआधीच निवृत्त होऊन गावी गेले, निरोपसमारंभ नको म्हणाले. मी कुडाळच्या पत्त्यावर दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. ही नक्कल मी नंतर किती ठिकाणी केली असेल! नमस्कार, पोहे, रिकामी बशी. हमखास टाळी. पण नकलेत मी पडदा इथेच पाडतो. मेकअपच्या खोलीत पुढे काय झालं ते कधी सांगत नाही. आज सांगतो.

पडदा पडल्याबरोबर आमचे दिग्दर्शक साहेब शैलावर तुटून पडले. रंग अर्धवट पुसलेले आम्ही सगळे भिंतीला लागून उभे. ती रडत होती, पण 'मास्तरांनी दिलं' हे शब्द तिने तोंडातून काढले नाहीत. एकदाही नाही. कोणीतरी मास्तरांच्या मदतीला धावलं, "साहेब, मास्तरांचं मशीन बिघडलं असेल." साहेबांनी ऐकलंच नाही. "मशीनचा काय संबंध? आधीच्या अंकातलं वाक्य परत बोलायचं म्हणजे काय? हिला कळायला नको? डोकं ठिकाणावर आहे का हिचं?"

मास्तर दारात उभे होते. खोली एवढीशी, बोलणारा एकच, आणि तोंड समोर. त्यांना प्रत्येक शब्द ऐकू आला. त्यांनी कानातलं बोंडुक ओढून काढलं आणि त्या कुजबुजणाऱ्या माणसाचा पूर्ण आवाज मी पहिल्यांदाच ऐकला,

"तिचं डोकं ठिकाणावर आहे हो, साहेब! माझं गेलंय, माझं!"