कोपऱ्यातला चेहरा

बाळापूरच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेलाच एक कुंभारीण पोळ्याचे मातीचे बैल भाजायची. भट्टी म्हणजे कमरेइतका खड्डा. त्यात गोवऱ्या, कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या आणि वरून झाकायला फुटकी खापरं. मी अकोल्याला चित्रकला शिकवतो. शाळेच्या प्रदर्शनासाठी महिनाभर खपून मी मातीचा एक चेहरा घडवला होता. तो भाजायला तिच्याकडे नेला.

तिनं तो दोन्ही हातांवर तोलला, टिचकी मारून कान लावला. पोकळ पोटाचे आपले बैल तिनं एकमेकांना टेकवून मधोमध रचले. माझा चेहरा मात्र एका कोपऱ्यात ठेवला आणि मधे खापरांची भिंत उभी केली. मला वाटलं, कलाकाराला वेगळी जागा दिली.

दुसऱ्या दिवशी तिनं राख बाजूला सारली. बैल लालबुंद, एकाचंही शिंग गेलं नव्हतं. माझ्या चेहऱ्याचे मात्र तुकडे झाले होते.

"आतून भरीव व्हता. फुटनारच व्हता," ती म्हणाली.

"मग कालच का नाही सांगितलं, मावशी?" मी चिडलोच.

"सांगतलं असतं तं तुमी आयकलं असतं काय, सर?"

नसतंच ऐकलं. मी तुकडे वेचायला वाकलो, तर तिनं हात आडवा घातला. कपाळाचा मोठा तुकडा उचलून तिनं खापरांच्या ढिगावर नीट ठेवला.

"राहू द्या. आता कामाचं झालं. उद्या बैलायवर झाकाले लागते."