लग्नाशिवाय धवला

माझी नात आयर्लंडला शिकायला गेली तेव्हा गावातल्या बायकांना वाटलं, ती डॉक्टर होणार. मी सांगितलं, ती तिथल्या लोकांचा इतिहास, त्यांची भाषा, गोष्टी आणि गाणी शिकते. एक म्हणाली, "का? त्यांची पोरं मेली काय शिकायला?" मलाही तेच वाटत होतं, तरी तिला मी चहा विचारला नाही.

नात भावाच्या लग्नाला आली. ओट्यावर बसून सांगू लागली. तिकडेही इंग्रजांचं राज्य होतं. त्यांची स्वतःची भाषा बोलली की शाळेत पोरांना मार बसे. मग आयाच पोरांशी इंग्रजी बोलू लागल्या, पोटासाठी. आता तीच भाषा कॉलेजात मास्तर ठेवून शिकवतात आणि समुद्राकाठच्या म्हाताऱ्यांची गाणी मशीनमध्ये भरून ठेवतात. सांगताना तिचे डोळे भरले.

माझं डोकं फिरलं. आमच्या घरात कुठे इंग्रजांचं राज्य होतं? माझ्या मुलाने, म्हणजे तिच्या बापाने, वडप्याला गोदामं बांधली आणि पोरीला इंग्रजी शाळेत घातलं. ती "न्हाय" म्हणाली की तिच्या थोबाडीत बसायची. मला म्हणायचा, "आई, तिच्याशी नीट बोलता येत नसेल तर बोलूच नको." हे मी नातीला ऐकवलं.

"आजी, ते वेगळं होतं."

"काय वेगळं?"



आमच्या आगरी लग्नात हळद लावताना धवलारीण धवला गाते. एकेक विधी गाऊनच होतो, मागच्या बायका ओळ झेलतात. भटाचं काम नंतर. आमची धवलारीण शेजारचीच, माझ्याच वयाची. नातीने तिला भर दुपारी बोलावून खुर्चीवर बसवलं, पुढे स्टुलावर मशीन ठेवलं.

"म्हणा आजी."

"कोनाचं लगीन हाय?"

"लग्न परवा आहे. आत्ता नुसतं रेकॉर्ड करायचंय."

"नवरा न्हाय, हळद न्हाय, मांडव न्हाय. या डबीचं लगीन लावू काय?"

नात ओशाळली. "मग दादाच्या हळदीत म्हणाल ना?"

"बापाला इचार तुझ्या. मला कोनी बोलावलं न्हाय."

तेव्हा मला कळलं. मुलाने धामणकर नाक्यावरचा डीजे ठरवला होता आणि धवला काढून टाकला होता, मला न विचारता.

"दापोड्याचे पार्टनर येणार, गोदामं घेतलेल्या कंपनीचे साहेब येणार," तो म्हणाला. "म्हातारीचं रडगाणं कोण ऐकेल?"

"मग पोरीला दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांचं ऐकायला पाठवलीस ती कशाला?"

"तिकडे डिग्री मिळते, आई."

असं उत्तर देताना त्याला काडीची लाज वाटली नाही.

हळदीच्या संध्याकाळी मी स्वतः जाऊन धवलारणीला हाताला धरून आणलं. हळदीचं ताट उचललं आणि मांडीवर घेऊन बसले. नातू पाटावर, पाहुणे खुर्च्यांवर, डीजेने पत्रे हलत होते. मुलगा माझ्या कानाशी वाकला. "आई, तमाशा करू नको."

"तमाशा तू आणलास, नाक्यावरून. तो बंद कर, मग हळद लागंल."

साहेब बघत होते म्हणून त्याने डीजे थांबवला.

मी ताट पाटाशी ठेवलं आणि धवलारणीने हळद लावत गायला सुरुवात केली. नात मशीन लावत होती. मी म्हटलं, "ते पिशवीत घाल. मागं बस आणि झेल." ती बसली, पण तिला ओळी येईनात. निम्मे शब्द कळत नव्हते, शेवटचं अक्षर तेवढं ओढायची. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मग तिने धवलारणीचा हात धरला. तिकडे म्हणे गाणाऱ्याचा हात धरून बसतात.

"हात सोड गो. हळद काय पायानं लावू?"

तिसरं गाणं अर्ध्यावर असताना मुलाने खूण केली आणि डीजे पुन्हा सुरू झाला. धवलारीण थांबली नाही. नवरदेवाच्या कानाशी तोंड नेऊन गात राहिली. आम्ही बायकांनी डोकी आत घातली. नात ओरडून विचारी, "काय म्हणाल्या?" मी ओळ तिच्या कानात ओरडायची, ती चुकीची म्हणायची, मी पुन्हा ओरडायची. हळद लागून होईपर्यंत आमचं हेच चाललं. डोकं वर केलं असतं तर साहेबांबरोबर नाचणारा मुलगा दिसला असता, म्हणून मी ते वर केलं नाही.