पुलावरची हिरवी झेंडी

‘आंध जमातीला पुलाचं काम शिकवा’ हे माझं पत्रक वाचून तुम्ही सभेतल्या मंडळींनी माझी पाठ थोपटलीत. पण त्यांचं शिकणं मुळात बंद कोणी पाडलं, हे मला कधी विचारलंत का?

या पत्रात लिहितोय ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. सभेत बोलताना दाराशी कोणी येऊन उभं राहिलं की अजून मी वाक्य अर्धवट सोडून तिकडे बघतो — तो तर नाही?

तो म्हणजे लिंबाजी. कळमनुरीकडच्या डोंगरातला, आंध जमातीचा. चुडावा गावापुढच्या नव्या पुलाच्या कामावर त्याच्या लोकांनी नुसती माती वाहायची. क्रेन, साखळ्या, हत्यारं सगळी बाहेरून आणलेल्या कामगारांच्या हाती. निजामाच्या राज्यात आमच्या माणसाला टोपलीच का, म्हणून आम्ही रान उठवलं. तेव्हा कुठे पुलाचं काम बघणाऱ्या साहेबांनी मोजक्या आंधांना शिकायला घेतलं, आणि साहेबांचं उर्दू त्यांना समजावायला मला ठेवलं; ते मला मास्तर म्हणू लागले.

लिंबाजी झेंडीचं काम शिकत होता. दगडाला साखळी पक्की बसली की हिरवी दाखवायची. मग क्रेनवाला दगड उचलणार. त्याला वरून झेंडी तेवढी दिसे — हात कोणाचा, ते दिसत नसे.

त्या दिवशी साहेब पाहणीला निघाले होते. लिंबाजी साखळी ओढून ओढून बघत होता. बाकीचे लांब सरलेले. मुकादम वरून ओरडला, “काय रं, दगडाची सोयरीक जमवायलास का?” मला वाटलं, आता साहेबांपुढे आपली नाचक्की होणार. आपली — म्हणजे कोणाची? मी लिंबाजीच्या कमरेची झेंडी ओढली आणि वर केली.

दगड वर उचलला गेला, साखळीतून निसटला आणि नव्या खांबाचा कोपरा घेऊन खाली गेला. कोणी मेलं नाही. पण धुरळा बसायच्या आत मी ती झेंडी लिंबाजीच्या मुठीत कोंबली.

साहेबांनी विचारलं, इशारा कोणी दिला? लिंबाजी माझ्याकडे वळला. “तुमीच सांगा मास्तर, खरं काय हाय ते.”

मी साहेबांना म्हणालो, “कहता है, गलती हो गई.”

तेवढं उर्दू लिंबाजीला येत होतं. त्याने मुठीतली झेंडी गुंडाळून माझ्या हातात दिली.

त्याला त्याच दिवशी काढलं. बाकीचे पुन्हा मातीवर गेले. जंगलातल्या माणसाला हे जमायचं नाही, असं साहेब म्हणाले, आणि तेही मीच मराठीत सांगितलं. नंतर ते जळजळीत पत्रक लिहिलं. भीती कशाची होती? तुरुंगाची? नाही. तुमच्या नजरेतून उतरण्याची.

उद्या मी पुलावर जाऊन साहेबांना खरं सांगणार आहे. पण माझ्यावर विसंबू नका. तुमच्यातले उर्दू जाणणारे कोणी दोघे माझ्याबरोबर चला, आणि मी काय बोलतो ते नीट ऐका.